शहराशहरांतला पैसा: आवक-जावकीचा तक्ता कसा भरायचा?

एका शहरातून दुसऱ्या शहरात किती पैसा जातो, हे भूगोलाच्या पद्धतींनी कसे काढायचे, याबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक प्रश्नांचे मूळ एकच दिसते: हातात असलेले आकडे साठ्याचे असतात आणि उत्तर हवे असते ओघाचे. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न (एम. ए. भूगोलाची विद्यार्थिनी, पुणे): रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरून मी जिल्हावार ठेवी आणि कर्जांचे आकडे घेतले. ठेवी जास्त आणि कर्जे कमी असलेल्या जिल्ह्यांतून मुंबईकडे बाण काढले. मार्गदर्शकांनी नकाशा परत केला. काय चुकले?

मार्गदर्शकांचे बरोबर आहे. ठेव म्हणजे अमुक तारखेला बँकेत पडून असलेली रक्कम. ती कुठून आली आणि कुठे जाणार, हे त्या आकड्यात नाही. एखाद्या जिल्ह्यात १०० रुपये ठेवींमागे ४० रुपये कर्ज असेल, तर बाकीचे ६० मुंबईला गेले असे म्हणता येत नाही. त्यातला काही भाग रोख राखीव निधी म्हणून रिझर्व्ह बँकेकडे असतो, काही सरकारी रोख्यांत असतो, आणि उरलेला बँकेच्या सामायिक गंगाजळीतून देशात कुठेही कर्जाऊ गेलेला असू शकतो. तुमच्या बाणाचे टोक मुंबईवर टेकले ते तुमच्या गृहीतकामुळे, आकड्यांमुळे नव्हे.

दुसरी अडचण खुद्द मुंबईच्या आकड्याची आहे. मोठ्या कंपन्यांची मुख्यालये मुंबईत आहेत. त्यामुळे कर्ज तिथे मंजूर होते आणि कारखाना भलत्याच राज्यात उभा राहतो. रिझर्व्ह बँक कर्जाची आकडेवारी दोन प्रकारे देते, मंजुरीच्या ठिकाणानुसार आणि वापराच्या ठिकाणानुसार. या दोन रकान्यांतला फरक हा भौगोलिक ओघाचा खरा धागा आहे. प्रबंधाचा एक भाग यावरच करा. बाणांपेक्षा ते काम कितीतरी भक्कम होईल.

आता पुढचे पाऊल. कोणता पैसा मोजायचा ते आधी ठरवा: हातोहात फिरणारी रोकड, घरी पाठवलेली रक्कम, व्यापारातली देणी, की बँकेचे कर्ज? चौघांचा भूगोल वेगवेगळा आहे आणि चौघांची बेरीज करून नकाशा काढला तर त्याचा अर्थ कुणालाच लावता येत नाही. मग प्रत्येक शहराची एकूण जावक आणि एकूण आवक गोळा करा. बहुतेक खुले आकडे इथपर्यंतच नेतात. फोनपे या पैसे पाठवण्याच्या ॲपच्या ‘पल्स’ संकेतस्थळावरची माहिती जिल्हावार आणि तिमाहीवार मिळते, पण तीही त्या त्या जिल्ह्यातल्या व्यवहारांची बेरीज असते. नाशिकहून पुण्याला किती गेले, हे तीत नाही. म्हणजे तक्त्याच्या कडेच्या बेरजा मिळाल्या, आतली घरे रिकामी राहिली. ती घरे भरण्यासाठीच मॉडेल लागते.

प्रश्न (सहकारी बँकेतील कर्मचारी, सांगली): आमच्या शाखा असलेल्या प्रत्येक शहरातून महिन्याला एकूण किती रक्कम बाहेर गेली आणि किती आली, हे मला ठाऊक आहे. जोडीजोडीचा हिशेब मात्र नाही. एक्सेलमध्ये तो अंदाजाने भरता येईल का?

येईल. या पद्धतीला दुहेरी बंधनाचे गुरुत्व मॉडेल म्हणतात. १९६० च्या दशकात ॲलन विल्सन यांनी तिला नीट गणिती पाया दिला. कल्पना सोपी आहे. आधी प्रत्येक जोडीला अंतरावरून एक वजन द्यायचे, जवळच्या जोडीला जास्त, लांबच्या जोडीला कमी. मग आडव्या ओळींची बेरीज जावकीशी आणि उभ्या रकान्यांची बेरीज आवकीशी जुळेपर्यंत ती वजने आळीपाळीने वाढवत-घटवत जायचे.

तीन शहरे घेऊ. आकडे निव्वळ सरावासाठी आहेत, लाख रुपयांत. जावक: मुंबई ८०, पुणे ७०, नाशिक ५०. आवक: मुंबई ९०, पुणे ६०, नाशिक ५०. दोन्हींची बेरीज २००. ही बेरीज जुळल्याशिवाय पुढे जाऊच नका. बाहेरच्या जगाशी झालेले व्यवहार आत राहिले असतील तर ती कधीच जुळणार नाही. अशा वेळी ‘इतर’ नावाचे एक जादा शहर तक्त्यात घाला.

रस्त्याची अंतरे ढोबळमानाने अशी: मुंबई–पुणे १५० किलोमीटर, मुंबई–नाशिक १७०, पुणे–नाशिक २१०. वजन म्हणून १ भागिले अंतर घ्या आणि सोयीसाठी हजाराने गुणा: ६.६७, ५.८८, ४.७६. शहराचा स्वतःशी होणारा व्यवहार धरायचा नाही, म्हणून कर्णावर शून्य.

पहिली फेरी ओळींची. मुंबईचे ८० हे ६.६७ : ५.८८ या प्रमाणात वाटले की पुण्याला ४२.५ आणि नाशिकला ३७.५ येतात. पुण्याच्या ७० मधून मुंबईला ४०.८, नाशिकला २९.२. नाशिकच्या ५० मधून मुंबईला २७.६, पुण्याला २२.४. आता रकाने बघा. मुंबईची आवक ६८.५ भरते, हवी आहे ९०, म्हणून तो रकाना १.३१५ ने गुणा. पुण्याची ६४.९ भरते, हवी ६०, गुणक ०.९२५. नाशिकची ६६.७ भरते, हवी ५०, गुणक ०.७५. रकाने जुळले, पण ओळी बिघडल्या: मुंबईची जावक ६७.४ झाली. पुन्हा ओळी, पुन्हा रकाने. एक्सेलमध्ये प्रत्येक फेरीचा तक्ता आधीच्या तक्त्याखाली मांडा आणि सूत्र खाली ओढत जा. कुठल्याही बेरजेतला फरक ०.१ च्या आत आला की थांबा. शेवटी मिळते ते असे: मुंबईहून पुण्याला ४५.९, नाशिकला ३४.१. पुण्याहून मुंबईला ५४.१, नाशिकला १५.९. नाशिकहून मुंबईला ३५.९, पुण्याला १४.१.

आता एक गोष्ट करून बघा, कारण शिकवताना ती सहसा सुटते. वजनांत अंतराऐवजी अंतराचा वर्ग घाला, किंवा तिन्ही वजने सरसकट १ ठेवा. शेवटचा तक्ता अगदी तोच येतो! तीनच शहरे असली, कर्ण शून्य असला आणि जाण्या-येण्याचे अंतर सारखे असले, की ओळी आणि रकान्यांचे गुणक अंतराचा सगळा परिणाम गिळून टाकतात. तीन जोड्यांची वजने तीन शहरांच्या तीन गुणकांत पूर्णपणे मावतात, म्हणून. तेव्हा सूत्र नीट चालते आहे की नाही हे तपासायला तीन शहरे पुरतात, पण अंतराचा प्रभाव किती हे सांगायला किमान चार हवीत, आणि भरवशाचे उत्तर हवे तर पंधरा-वीस.

फेऱ्या संपतच नसतील, आकडे दोन टोकांत झोके खात असतील, तर प्रत्येक शहराची जावक अधिक आवक करा आणि एकूण बेरजेशी ताडून पाहा. कर्णावर शून्य असताना कोणत्याही एका शहराची जावक अधिक आवक ही एकूण बेरजेपेक्षा जास्त असूच शकत नाही. वरच्या उदाहरणात मुंबईची जावक १०० आणि आवक ११० असती, तर २०० च्या तक्त्यात ती बसलीच नसती: मुंबईहून निघालेले १०० घ्यायला पुणे आणि नाशिक मिळून ९० ची आवकच उरते. महाराष्ट्राच्या तक्त्यात मुंबईमुळे हे हमखास घडते. याचा अर्थ शहरांतर्गत व्यवहार नकळत बेरजेत शिरले आहेत. ते वेगळे काढा, नाहीतर कर्ण उघडा ठेवून त्याला स्वतंत्र वजन द्या. जबरदस्तीने शंभर फेऱ्या मारून आलेले उत्तर वापरू नका.

तुमच्या बँकेत कोअर बँकिंग असेल तर एका साध्या आठवड्याच्या आंतरशाखीय नोंदी, खातेदारांची नावे-क्रमांक वगळून आणि रीतसर परवानगी घेऊन, शहरनिहाय बेरजेच्या रूपात मागून घ्या. त्या खऱ्या जोड्यांवरून अंतराचा घातांक, म्हणजे वजन काढताना अंतराचा कितवा घात घ्यायचा तो आकडा, ठरवता येतो: वेगवेगळे घातांक घालून तक्ता भरा आणि ज्या तक्त्यात रुपयाने कापलेले सरासरी अंतर नोंदींतल्या सरासरीशी जुळेल तो घ्या. आठवडा निवडताना पगाराचे दिवस, मार्चअखेर आणि तुमच्याकडे ऊसबिले जमा होण्याचे दिवस टाळा.

प्रश्न (क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर शिकणारे वाचक, नाशिक): न्यूटनच्या नियमाप्रमाणे अंतराचा वर्ग घ्यावा का? आणि अंतर सरळ रेषेचे घ्यावे की रस्त्याचे?

वर्ग घेण्याला पैशाच्या बाबतीत काही आधार नाही. नाव गुरुत्वाचे असले तरी घातांक आकड्यांवरूनच काढायचा असतो. यान टिनबर्गेन यांनी १९६२ मध्ये देशादेशांतल्या व्यापाराला हे मॉडेल लावले, तेव्हापासून झालेल्या असंख्य अभ्यासांत व्यापारासाठी तो १ च्या आसपास येत राहिला आहे. शहराशहरांतल्या रोकडीसाठी तो वेगळा येईल, ऑनलाइन रकमांसाठी आणखी वेगळा.

घातांक काढताना सर्रास होणारी एक चूक सांगून ठेवतो. सूत्राच्या दोन्ही बाजूंचा लॉग घेऊन साधे रेषीय समाश्रयण करण्याची, म्हणजे आकड्यांना सरळ रेषा बसवण्याची, सवय आहे. पण ज्या जोडीत व्यवहार शून्य आहे तिचा लॉग निघत नाही. मग कुणी त्या जोड्या गाळतो, कुणी सगळीकडे १ मिळवतो. गाळल्या तर नेमक्या लांबच्या आणि लहान शहरांच्या जोड्या जातात आणि अंतराचा प्रभाव खोटाच कमी दिसतो. १ मिळवला तर उत्तर एककावर अवलंबून राहते: १ रुपया मिळवला की १ कोटी, यावर घातांक बदलतो. २००६ मध्ये सांतोस सिल्व्हा आणि तेन्रेरो यांनी दाखवून दिले की शून्ये नसतानाही लॉगची ही पद्धत चुकीकडे झुकते, कारण मोठ्या ओघातली चढ-उतारही मोठी असते. उपाय म्हणजे प्वासाँ समाश्रयण, जे रकमांचा लॉग न घेताच चालते. ‘आर’ या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये जीएलएम या फंक्शनला क्वासीप्वासाँ कुटुंब द्या, मूळ रकमा तशाच ठेवा, लॉग फक्त अंतराचा घ्या, आणि प्रत्येक उगम शहराला व प्रत्येक गंतव्य शहराला स्वतंत्र स्थिरांक द्या. हे स्थिरांक म्हणजे वरच्या उत्तरातले ओळींचे आणि रकान्यांचे गुणकच.

अंतराबद्दल: रोकड गाडीतून जाते, तिच्यासाठी रस्त्याचा वेळ घ्या. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि २०२५ मध्ये तो पूर्ण खुला झाला. त्याआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांना एकच वेळ-तक्ता लावला तर बदल मॉडेलच्या माथी बसेल. ऑनलाइन रकमांना रस्ता लागत नाही, तरीही अंतराचा परिणाम दिसतो, कारण ओळखी, नाती आणि व्यापारी संबंध अंतराप्रमाणे विरळ होत जातात. तिथे सरळ रेषेचे अंतर पुरते.

सरळ अंतर काढताना प्रकल्पाची निर्देशांक प्रणाली तपासा. पार्श्वभूमीला सुरुवातीलाच गुगलचा नकाशा जोडला की क्यूजीआयएस वेब मर्केटर या सपाट नकाशाच्या प्रणालीत जाऊ शकते. त्यातली सपाट लांबी आपल्या अक्षांशावर सुमारे ६ टक्के फुगते. लंबवर्तुळाकार पृथ्वीवरचे अंतर निवडा. पृथ्वीचे उभे पट्टे पाडणारी यूटीएम ही प्रणाली वापरत असाल तर लक्षात ठेवा, महाराष्ट्राचा बहुतेक भाग ४३ उत्तर या पट्ट्यात येतो, पण ७८ अंश पूर्व रेखांशापलीकडचे वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ४४ मध्ये जातात.

प्रश्न (वाचक, एडिसन, न्यू जर्सी): एक डॉलरच्या नोटेवर काळ्या शिक्क्यात एक अक्षर असते. त्यावरून पैसा कोणत्या शहरातून आला हे कळते, असे ऐकले. घरबसल्या काही अभ्यास करता येईल का? आणि भारतातल्या नोटांवर हे का जमत नाही?

करता येईल, आणि या विषयातला हा सगळ्यात सुंदर प्रयोग आहे. फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, १२ प्रादेशिक बँका आहेत आणि प्रत्येकीला एक अक्षर आहे: ए बोस्टन, बी न्यूयॉर्क, सी फिलाडेल्फिया, डी क्लीव्हलँड, ई रिचमंड, एफ अटलांटा, जी शिकागो, एच सेंट लुईस, आय मिनिॲपोलिस, जे कॅन्सस सिटी, के डॅलस, एल सॅन फ्रान्सिस्को. एक डॉलरच्या नोटेवर चित्राच्या डावीकडच्या काळ्या शिक्क्यात हे अक्षर असते, अनुक्रमांकाची सुरुवातही त्याच अक्षराने होते, आणि बँकेचा क्रमांक, म्हणजे बी असेल तर २, नोटेवर चार ठिकाणी छापलेला असतो. चुकून ‘एफडब्ल्यू’ ही बारीक अक्षरे नोंदवू नका. ती फोर्ट वर्थच्या छापखान्याची खूण आहे, नोट जारी करणाऱ्या बँकेची नव्हे.

वॉल्डो टोब्लर या भूगोलतज्ज्ञांनी अशाच नोटांचा १२ बाय १२ तक्ता घेऊन ओघाचे नकाशे काढले. त्यांची युक्ती अशी. कोणत्याही दोन शहरांसाठी (जाणारा वजा येणारा) भागिले (जाणारा अधिक येणारा) काढा. उत्तर वजा १ ते अधिक १ या दरम्यान येते. एका शहरापासून बाकीच्या ११ शहरांच्या दिशेने तेवढ्या लांबीचे ११ बाण कल्पा आणि त्यांची सरासरी घ्या. प्रत्येक शहराला एकच बाण उरतो आणि १३२ ओघांच्या गुंत्यातून पैशाचा कल कोणत्या बाजूला आहे ते डोळ्यांना दिसते. त्या बाणांवरून पुढे दाबाच्या नकाशासारखा पृष्ठभागही काढता येतो.

तुमच्यासाठी कृती अशी. एडिसन मिडलसेक्स काउंटीत आहे. न्यू जर्सीच्या उत्तरेकडच्या १२ काउंटी न्यूयॉर्क फेडच्या हद्दीत येतात, त्यात ही आहे, आणि दक्षिणेकडच्या ९ फिलाडेल्फियाच्या. तेव्हा बी भरपूर सापडणार आणि त्याखालोखाल सी चा वाटा किती, हे पाहण्यासारखे ठरेल. बँकेतून शंभर नोटांचे गड्डे आणू नका. नव्या गड्ड्यात ओळीने एकाच बँकेच्या नोटा असतात. किराणा दुकान, पेट्रोल पंप, लाँड्रीची दुकाने अशा निरनिराळ्या ठिकाणच्या सुट्ट्या परताव्यातून नोटा घ्या. किती? १०० नोटांत एखाद्या अक्षराचा वाटा ५० टक्क्यांच्या आसपास आला तर तो सुमारे १० टक्क्यांनी इकडे-तिकडे असू शकतो, ४०० नोटांत ५ टक्क्यांनी. मिनिॲपोलिससारख्या लांबच्या आणि विरळ अक्षराबद्दल काही बोलायचे असेल तर ४०० हा किमान आकडा समजा. प्रत्येक नोटेचे अक्षर, मालिकेचे वर्ष आणि मिळाल्याचे ठिकाण लिहा.

दोन मर्यादा आहेत. एक, एडिसनमधल्या नोटा म्हणजे तक्त्याचा एकच रकाना. तिथे पैसा कुठून आला हे कळते, तिथला कुठे गेला हे कळत नाही. डॅलस आणि सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मित्रमंडळींना सोबत घेतले तर आणखी दोन रकाने भरतील. मात्र रकान्यांची तुलना करण्यापूर्वी त्या त्या भागात चलनात असलेल्या एकूण नोटांनी प्रत्येक रकाना गुणायला हवा, कारण तुमच्या ४०० नोटा हा नमुना आहे, खरी रक्कम नाही.

दोन, अक्षर नोटेचे जन्मस्थान सांगते, तिचा शेवटचा प्रवास नव्हे. एक डॉलरची नोट सरासरी सहा-सात वर्षे चलनात राहते. एल ची नोट सॅन फ्रान्सिस्कोहून शिकागो, तिथून अटलांटा करत आली असेल. म्हणून हा तक्ता एका महिन्याच्या ओघाचा नसून अनेक महिन्यांच्या ओघांचा साचलेला परिणाम असतो. गणिताच्या भाषेत, महिन्याच्या संक्रमण-तक्त्याला (एका महिन्यात नोट कुठून कुठे जाण्याची शक्यता किती, हे सांगणारा तक्ता) स्वतःनेच पुन्हा पुन्हा गुणल्यावर जे मिळते ते. मालिकेचे वर्ष इथे उपयोगी पडते: जुन्या मालिकेच्या नोटा देशभर जास्त मिसळलेल्या दिसायला हव्यात. मालिकेचे वर्ष हे छपाईचे वर्ष नसते, त्यामुळे वय ढोबळच धरा.

प्रत्यक्ष मुक्काम कळावेत यासाठी वेगळा मार्ग आहे. ‘व्हेअर्स जॉर्ज’ या १९९८ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावर लोक हाती आलेल्या नोटेचा क्रमांक आणि ठिकाण नोंदवतात. डर्क ब्रॉकमन, लार्स हुफनागेल आणि थिओ गायझेल यांनी तिथल्या ४,६४,६७० नोटांच्या दहा लाखांहून अधिक नोंदी तपासून २००६ मध्ये दाखवले की नोटेने मारलेल्या मजलांची शक्यता अंतराच्या सुमारे १.५९ व्या घाताने घटते. लहान मजला पुष्कळ, पण फार लांबची उडी आपण समजतो तितकी दुर्मीळ नाही. २०१० मध्ये याच प्रकारच्या नोंदींवरून अमेरिकेत पैसा कुठे अडतो याच्या सीमा काढल्या गेल्या. त्या काही ठिकाणी राज्यांच्या हद्दींवरून जातात, काही ठिकाणी मिसिसिपी नदी आणि ॲपलाचियन डोंगररांगेवरून. भौगोलिक अडथळे खिशातल्या नोटेला आजही जाणवतात, हे या कामातून फार स्पष्ट झाले.

भारतात आज हे जमत नाही, कारण रिझर्व्ह बँकेच्या कोणत्या कार्यालयातून नोट निघाली हे तिच्यावर छापलेले नसते. पूर्वी होते. १८६१ च्या कायद्यानंतर सरकारी नोटा चलन मंडळांनुसार, म्हणजे चलनासाठी पाडलेल्या प्रादेशिक विभागांनुसार, निघत आणि मुंबई मंडळाची नोट वटवण्याचा हक्क त्याच मंडळापुरता असे. ५, १०, ५० आणि १०० रुपयांच्या नोटा १९०३ ते १९११ दरम्यान टप्प्याटप्प्याने देशभर चालू लागल्या. जुन्या नोटांचा संग्रह करणाऱ्यांकडे मंडळाची खूण असलेल्या नोटा पाहायला मिळतात. पण संग्रहातली नोट कुठे सापडली याची नोंद सहसा नसते, त्यामुळे त्यांवरून ओघ काढता येत नाही.

प्रश्न (भूगोलाचे प्राध्यापक, नागपूर): घातांक काढायला आधीचे कोणतेच ओघाचे आकडे नसतील तर?

मग विकिरण मॉडेल वापरून बघा. सिमिनी आणि सहकाऱ्यांनी ते २०१२ मध्ये मांडले. त्यात घातांक नाहीच. उगम शहराची लोकसंख्या, गंतव्याची लोकसंख्या, आणि उगमाभोवती गंतव्यापर्यंतच्या त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्यात येणारी बाकीची लोकसंख्या, एवढेच लागते. उगम × गंतव्य हा गुणाकार वर, आणि खाली (उगम + मधली) × (उगम + मधली + गंतव्य).

२०११ च्या जनगणनेचे आकडे लाखांत घेऊन नाशिकहून निघणारा पैसा वाटू: नाशिक १५, मुंबई १२४, पुणे ३१, नागपूर २४. मुंबई सगळ्यात जवळ, मध्ये काही नाही, म्हणून ०.८९२. पुण्यासाठी मध्ये मुंबईचे १२४ येतात: ०.०२०. नागपूरसाठी मध्ये १५५: ०.०११. बेरीज ०.९२३ भरते, म्हणून प्रत्येकाला तिने भागा: मुंबई ९६.७ टक्के, पुणे २.१, नागपूर १.२. नाशिकच्या कोणत्याही व्यापाऱ्याला पुण्याचा हा आकडा पटणार नाही, आणि त्याचे बरोबर असेल. चारच शहरे घेतली की जवळचे महानगर सगळे ओढून घेते. हे मॉडेल सगळी शहरे आणि तालुके घातल्यावरच नीट वागते. शिवाय नाशिकभोवती नागपूरच्या त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्यात सुरत, अहमदाबाद, इंदूरही येतात. राज्याच्या हद्दीवर आकडे तोडले तर मधली लोकसंख्या कमी भरते आणि नागपूरचा वाटा उगाच फुगतो. मुंबई आणि उपनगर जिल्हा वेगळे ठेवलेत का एकत्र, यावरही उत्तर हलते. ते आधी ठरवा आणि लिहून ठेवा.

प्रश्न (ग्रामीण पतपुरवठ्यावर काम करणाऱ्या वाचक, रत्नागिरी): मुंबईहून कोकणात घरी येणाऱ्या पैशाचा अंदाज कसा करावा? पूर्वी मनीऑर्डरी मोजता येत.

टपाल खात्याकडे मनीऑर्डरचे काम १८८० मध्ये आले आणि कोकणातल्या कित्येक घरांचा महिना त्यावर चालला. आता तीच रक्कम मोबाइलवरून येते आणि तिचा जोडीवार हिशेब खुला नाही. म्हणून माणसांवरून पैशाकडे जावे लागते: स्थलांतरितांची संख्या, त्यांतले पैसे पाठवणारे किती, आणि प्रत्येकी सरासरी रक्कम.

संख्या २०११ च्या जनगणनेच्या स्थलांतर तक्त्यांत, ‘डी’ मालिकेत मिळते. त्यातली पूर्ण संख्या घेऊ नका. लग्न करून किंवा कुटुंबासोबत गेलेले त्यात मोठ्या प्रमाणात असतात. काम-नोकरी हे कारण दिलेल्यांचीच ओळ घ्या आणि ती राहण्याच्या मुदतीनुसार फोडा. ज्याचे सगळे कुटुंब मुंबईत स्थिरावले तो दरमहा पाठवत नाही, तो गणपतीत येताना रोख घेऊन येतो किंवा घर दुरुस्तीसाठी एकरकमी देतो. पालघर जिल्हा ऑगस्ट २०१४ मध्ये वेगळा झाला, म्हणून जनगणनेतल्या ठाण्यात वसई-विरारही आहे. आजच्या जिल्ह्यांच्या नकाशावर ते आकडे तसेच चिकटवले तर ठाण्याचा बाण नको तितका जाड दिसेल.

पाठवणाऱ्यांचे प्रमाण आणि रक्कम मात्र गावात जाऊनच मिळेल. रेल्वे स्थानकाजवळची, खाडीकाठची आणि सह्याद्रीच्या पायथ्याची अशी तीन प्रकारची गावे निवडा, प्रत्येकात वाडीनिहाय घरे घ्या. ‘दरमहा किती येतात?’ असे विचारू नका. ‘गेल्या वेळी कधी आले, किती, कशाने?’ असे विचारा. शेवटच्या रकमेचे उत्तर लोक नेमके देतात, सरासरी सांगताना चुकतात. हीच पाहणी एकदा श्रावणाआधी आणि एकदा गणपतीनंतर करा. रोख आणि मोबाइलवरून आलेली रक्कम यांचे रकाने वेगळे ठेवा, कारण सणाची रोकड बँकेच्या कोणत्याही आकड्यात दिसत नाही.

प्रश्न (वाचक, छत्रपती संभाजीनगर): ३६ जिल्ह्यांचा तक्ता तयार आहे. क्यूजीआयएसमध्ये बाण काढले तर नकाशा काळाकुट्ट होतो.

३६ जिल्ह्यांच्या १,२६० दिशा होतात, त्यामुळे तसे होणारच. आधी आकाराने उतरता क्रम लावा आणि एकूण रकमेच्या तीन-चतुर्थांश भरेपर्यंतचेच बाण ठेवा. किती गाळले ते नकाशाखाली लिहा. रेषेची जाडी रकमेच्या प्रमाणात, लहान बाण मोठ्यांच्या वर. जाणारे आणि येणारे दोन्ही दाखवायचे असतील तर रेषा एका बाजूला थोड्या वाकवा, नाहीतर एकावर एक बसतात. फक्त निव्वळ फरक दाखवत असाल तर तसे शीर्षकातच म्हणा. १०० गेले नि ९८ आले, आणि ३ गेले नि १ आला, हे दोन्ही बाण सारखेच दिसतात.

कोणत्या शहराभोवती कोणता प्रदेश गुंफला आहे एवढेच दाखवायचे असेल, तर नाईस्ट्यूएन आणि डेसी यांनी १९६१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या दूरध्वनी संभाषणांवर वापरलेली रीत पुरते. प्रत्येक शहराचा सर्वांत मोठा जाणारा ओघ घ्या. तो स्वतःपेक्षा जास्त एकूण आवक असलेल्या शहराकडे जात असेल तर एक रेषा काढा, नसेल तर ते शहर केंद्र धरा. १,२६० बाणांच्या जागी फार तर ३५ रेषा उरतात. सगळ्या रेषा मुंबईला जाऊन मिळाल्या तर मुंबई वगळून तोच हिशेब पुन्हा करा. पुणे, नागपूर आणि तुमच्या शहराची खरी क्षेत्रे त्या दुसऱ्या नकाशात दिसतील.